अनुभव धागा : वीस-बावीस हजारांत धड लॅपटॉप कसा शोधायचा?

गोदाकाठ
काल माळा आवरताना जुन्या लॅपटॉपची बॅग हाताला लागली आणि तेव्हाची पायपीट आठवली. आता शेजारच्या मुलीला कॉलेजसाठी घ्यायचाय, बजेट २० हजार, ओढूनताणून २२. रडगाणी नकोत, दुकानात काय तपासायचं ते लिहा.

सुरुवात मी करते. या पैशात नवाकोरा म्हणून जो पुढे सरकवतात तो बहुतेक सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसीवाला असतो. ईएमएमसी म्हणजे फायली साठवायची चिप, बोर्डालाच सोल्डर केलेली, बदलता येत नाही. ६४ जीबीत विंडोज बसलं की पुढच्या मोठ्या अपडेटला जागा उरत नाही. त्यापेक्षा कंपन्यांतून सुटलेले, वापरलेले बिझनेस सिरीजचे बघा : लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४९० किंवा ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५. तिन्ही घरांचे खालचे झाकण स्क्रू काढून उघडते, रॅमला दोन स्लॉट आणि एसएसडी (साठवणीची डिस्क) बदलता येते.

सातपूरचा_जुगाडू
इंटेल प्रोसेसरच्या आठव्या जनरेशनच्या (पिढीच्या) खाली उतरू नका, दुकानदार कितीही गोड बोलला तरी. आय५-७२००यू मध्ये २ कोर, आय५-८२५०यू मध्ये ४. नावात दोघेही आय५च! डॅशनंतरचा पहिला आकडा (इथे ७ आणि ८) वाचायचा, स्टिकर नाही. स्टिकर काय, कुठलाही चिकटवतात.
दुसरं कारण : विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ अधिकृतपणे, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, आठव्या जनरेशनपासूनच चालतं. सातव्यावर ११ टाकून देणारे भेटतील, ते जुगाडाने टाकलेलं असतं, पुढच्या अपडेटला अडकू शकतं.

पंचवटीकर
इंटेलऐवजी एएमडीचा रायझन प्रोसेसर असेल तर?

सातपूरचा_जुगाडू
लॅपटॉपमध्ये ३००० सिरीजपासून पुढचे बहुतेक चालतात. पण नेमका मॉडेल नंबर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बघूनच पैसे द्या.

द्राक्षराणी
टी४८० आणि टी४८०एस मध्ये गफलत करू नका. 'एस' दिसायला सडसडीत, पण त्यात थोडी रॅम बोर्डावर सोल्डर आणि स्लॉट एकच. थिंकपॅड एक्स१ कार्बनची रॅम तर पूर्ण सोल्डर, ८ जीबीचा घेतलात तर जन्मभर ८.
दुकानात न उघडता कळतं : टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. तिथे 'स्लॉट्स यूज्ड' समोर २ पैकी १ दिसलं तर पुढे एक डीडीआर४ ची पट्टी टाकता येईल. पण रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढलेत, तेव्हा "८ चा घ्या, नंतर वाढवा" हे गणित आता पूर्वीसारखं स्वस्त नाही. १६ वाला दीड-दोन हजार जास्त देऊन मिळत असेल तर तोच उचला.

कॉलेजरोडची_काकू
कुकर लावून लिहितेय, चुकभूल द्यावी घ्यावी.

बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून स्लॅश आणि 'बॅटरीरिपोर्ट' इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं (powercfg /batteryreport). फाइल कुठे पडली तो पत्ता खालीच येतो, ती ब्राउझरमध्ये उघडायची. डिझाइन कपॅसिटी ५०,००० आणि फुल चार्ज ३०,००० असेल तर बॅटरी ६० टक्के उरली. ७० च्या खाली असेल तर नवीन बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

टी४८० ला बॅटऱ्या दोन असतात, एक आत, एक मागे काढता येणारी. रिपोर्टमध्ये दोन्ही रकाने बघा. मागची नवी घालून आतली मेलेली, असं फार दिसतं. आणि रिपोर्ट १०० टक्के, चार्ज सायकल शून्य म्हणून लगेच हुरळू नका. डुप्लिकेट सेलवाली बॅटरी पण तेच सांगते आणि ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडते. चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवा, आकडा सावकाश उतरतोय की टपकन खाली येतोय ते कळतं.

सपाट काउंटरवर ठेवून कोपरा दाबा. लॅपटॉप डुगडुगला किंवा टचपॅड वर आलेला, क्लिक घट्ट, तर आत बॅटरी फुगली असण्याची शक्यता दाट. तो घ्यायचाच नाही.

तर्री_जास्त
काकू, तीन शिट्ट्या झाल्या का?

कॉलेजरोडची_काकू
दोन. मटकी आहे, मिसळीची.

तर्री_जास्त
पत्ता पाठवा 😄

ओझरचा_ऑपरेटर
सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. कुलूप.
१) बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) जाऊन बघा, मशीन चालू करताना दाबायचं : लॅटिट्यूडला एफ२, एलिटबुकला एफ१०, थिंकपॅडला एफ१. पासवर्ड मागितला आणि दुकानदार "त्याची गरजच लागत नाही" म्हणाला तर नमस्कार करून निघा. नव्या मशिन्सचा हा पासवर्ड बोर्डावरचा छोटा सेल काढून जात नाही.
२) त्यातच ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस (चोरीला गेलेलं मशीन शोधायची सोय) नावाची नोंद असते. 'ॲक्टिव्हेटेड' असेल तर जुन्या मालकाच्या नोंदीतून ते मशीन सुटलेलं नाही.
३) तुमच्यासमोर पूर्ण रिसेट मारून वायफाय जोडून सेटअप करायला लावा. कंपनीची नोंदणी शिल्लक असेल तर लॉगिनच्या स्क्रीनवर त्या कंपनीचं नाव येतं आणि त्यांचा ईमेल मागतं. नेट न जोडता सेटअप केला की हे दिसत नाही, सहा महिन्यांनी रिसेट मारल्यावर दिसतं.
लॅटिट्यूड असेल तर बायोसमधला सर्व्हिस टॅग (डेलचा ओळख क्रमांक) आणि खालच्या स्टिकरवरचा टॅग जुळवा. वेगळे निघाले तर बोर्ड किंवा झाकण बदललेलं आहे.

पंचवटीकर
हे तीन नंबरचं माहीत नव्हतं. भारी.

द्राक्षराणी
स्क्रीन : 'एचडी' म्हणजे १३६६ बाय ७६८, ते नको. १९२० बाय १०८० मागा आणि आयपीएस (कुठूनही बघितलं तरी रंग न बदलणारा पडदा) आहे का ते वरून, खालून बघून ठरवा, रंग उलटे दिसले की टीएन. पूर्ण पांढरं पान उघडून ब्राइटनेस पूर्ण करा, दाबाचे पांढुरके डाग लगेच उठून दिसतात. बिजागरी ४५ अंशावर सोडून बघा, झाकण आपोआप पडायला नको.

सिडको_सेक्टर
डेलचा चार्जर बघून घ्या. गोल पिनेच्या मध्ये बारीक सुईसारखी पिन असते, ती वाकली किंवा चार्जर हलक्या दर्जाचा निघाला की मशीन चार्जर ओळखत नाही. मग चालू तर होतं, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम हळू पळतो. लोक उगाच विंडोज परत टाकत बसतात.

पंचवटीकर
पण घ्यायचा कुठून? नाशिकच्या एम.जी. रोडला फिरू की पंचवटी एक्सप्रेसने थेट मुंबईचा लॅमिंग्टन रोड?

सातपूरचा_जुगाडू
लॅमिंग्टनला भाव थोडा उतरतो, पण बिघडला की पुन्हा तिकीट काढा, दिवस मोडा. हजारभराचा फरक असेल तर नाशिकमध्येच. बिलावर सिरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या, "आपलाच माणूस आहे" हे बिलावर छापत नाहीत.

रानजाई
धाग्याशी संबंध थोडाच, पण मराठी टाइपसाठी कीबोर्डवर स्टिकर लावायचे का?

गोदाकाठ
नको गं, चिकट होऊन बसतात. विंडोजमध्ये लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी घेऊन फोनेटिक कीबोर्ड जोड. रोमनमध्ये टाइप केलं की मराठी उमटतं, वेगळं सॉफ्टवेअर उतरवायला लागत नाही.

रानजाई
आणि चंद्रवाला ॲ? माझा 'बॅग' होतो पण 'ॲप' चा 'अप' होतो.

तर्री_जास्त
मी तर फोनवरून कॉपी करून ठेवलाय एक ॲ. लागेल तेव्हा चिकटवतो.