आप्पांच्या वहीतली नोंद

विषय: पालची जंगलसहल, सल्ला हवा
प्रेषक: शहाद्याचा भाऊ, ह्यूस्टन

राम राम मंडळी,

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रानपिंगळा हे छोटं, दुर्मिळ घुबड दाखवायचं आहे, कुठे न्यावं, असं मी गेल्या पावसाळ्यात इथेच विचारलं होतं. चौघापाचांनी आपुलकीने कळवलं. डिसेंबरात आम्ही जाऊन आलो. जे घडलं ते सविस्तर लिहितो, कारण पुढे काय करावं ते मला सुचत नाही.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. आप्पा शहाद्याला शाळेत शिक्षक होते. १९९७च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तिघा पक्षीअभ्यासकांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात रानपिंगळा दिसला. त्याआधीची खात्रीची नोंद १८८४ची. म्हणजे ११३ वर्षं जो पक्षी संपला असंच लोक धरून चालले होते, तो आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर नांदत होता. आप्पांनी तो फळ्यावर काढून मुलांना शिकवला. कितीतरी रविवार सायकल काढून ते रानात गेले, पण त्यांना तो कधी दिसला नाही. आता ते ७८ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, सायकल सुटली. म्हणून या खेपेला मी सगळं ठरवून, पैसे भरून नेलं.

आप्पांना चढउतार नको आणि मुक्कामाची सोय नीट हवी, म्हणून तोरणमाळ सोडून रावेर तालुक्यातलं पाल निवडलं. तिथल्या यावल अभयारण्यातही रानपिंगळ्याच्या नोंदी आहेतच. सहल काढणाऱ्याने ईमेलवर लिहून दिलं होतं: तीन दिवस, दोन पहाटफेऱ्या, सहाला निघायचं, गाडी फक्त आमच्या कुटुंबासाठी, पक्ष्यांची जाण असलेला वाटाड्या पूर्णवेळ बरोबर, परवानग्या त्यांच्याकडे. चौघांचे बेचाळीस हजार रुपये मी आगाऊ भरले.

पहिल्या दिवशी गाडी पावणेनऊला आली. आत आधीच तिघांचं दुसरं कुटुंब बसलेलं. जाणता वाटाड्या ‘दुसऱ्या ग्रुपबरोबर’ गेला होता, आमच्याबरोबर शहरातून आलेला एक तरुण. बोलायला गोड, पण कोतवाल आणि कोकीळ यांतही त्याची गडबड होत होती. ऊन चढलं, रान गप्प झालं, आम्ही परत आलो. जेवण मात्र फार चांगलं होतं हे सांगायलाच हवं. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. आप्पा दोन भाकरी जेवले.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला निघालो. शेताच्या बांधाला लागून झाडं होती, तिथे त्या तरुणाने मोबाईलला छोटा स्पीकर जोडला आणि पिंगळ्याचा आवाज लावला. पुन्हा पुन्हा, चांगली वीस मिनिटं. शेवटी एक पक्षी येऊन फांदीवर बसला. ‘काका, हाच रानपिंगळा!’ आप्पांचे हात इतके थरथरत होते की दुर्बीण मी धरली. त्यांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग खिशातून वही काढून तारीख, वेळ, जागा लिहिली आणि खाली ‘रानपिंगळा, एक’ असं लिहून दोनदा अधोरेखित केलं.

आमच्याबरोबर एक तडवी भिल्ल मुलगा होता, फाटक उघडायला आणि पाण्याची कॅन उचलायला. गाडीकडे परतताना तो मागे राहिला आणि हळूच मला म्हणाला, ‘दादा, हा गावातला पिंगळा आहे. डोक्यावर ठिपके होते ना? रानातल्याला तसे नसतात.’ रात्री मी काढलेला फोटो मोठा करून पाहिला. डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं.

सकाळी त्या तरुणाला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, ‘काकांना आनंद झाला ना सर? मग झालं.’

मंडळी, पक्षी दिसला नाही याची माझी तक्रार नाही. रानात कोणी कोणाला शब्द देऊ शकत नाही एवढं मला कळतं. पण हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पैसे परत मागावेत का, कसे मागावेत, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न मोठा आहे. आप्पांना मी अजून सांगितलेलं नाही. रोज फोनवर ते शेजाऱ्यांना वही दाखवल्याचं सांगतात. सांगावं का?

भाऊ

---

विषय: उत्तर: पालची जंगलसहल, सल्ला हवा
प्रेषक: शिरपूरचा जिभाऊ, सॅन अँटोनिओ

भाऊ, वाचून वाईट वाटलं.

इथल्या सगळ्यांना आवडणार नाही, पण मी टेक्सासात शिकारीला जातो, आणि तुझ्यासारखाच एकदा पोळलो आहे म्हणून लिहितो. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि ती बंद आहे हेच बरं आहे. इथे दक्षिण टेक्सासात मात्र आपला रोही, म्हणजे नीलगाय, १९३०च्या सुमारास किंग रँचवर आणून सोडला. तो तिथे इतका फोफावला की आज परवाना काढून त्याची शिकार वर्षभर करता येते. मी वाटाड्यासकट दोन दिवसांची शिकार घेतली होती. ठरलं होतं एका शिकाऱ्याला एक वाटाड्या, प्रत्यक्षात दोघांत एक निघाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गोळी झाडली, जनावर पळालं, गवतावर रक्त दिसलं. रक्त दिसलं की जनावर तुमच्या नावावर आणि त्याचे पूर्ण पैसे द्यायचे, हा इथला नियम, आणि तो मला मान्य आहे. पण वाटाड्याने वीस मिनिटं माग काढला आणि अंधार पडला म्हणून गाडी फिरवली. सकाळी शोधायला जाऊ म्हणाला, गेला नाही. ते जनावर झुडपात कुठे पडून राहिलं असेल, याची टोचणी मला अजून आहे.

मी काय केलं ते सांगतो. त्याच रात्री, डोकं तापलेलं असतानाच, पण शिव्या न देता, सगळं वेळेनिशी लिहून काढलं. मग कागदाचे दोन भाग केले. एकात रानाच्या हातातलं: जनावर लांब होतं, वारा फिरला, माझी गोळी मागे लागली. दुसऱ्यात माणसाच्या हातातलं: एकाऐवजी अर्धा वाटाड्या, न काढलेला माग. पहिल्या भागाबद्दल पत्रात एक शब्द लिहिला नाही. दुसऱ्याचेच पैसे मागितले, रक्कम सांगून, त्यांच्याच ईमेलमधली वाक्यं समोर ठेवून. वाटाड्याचे दिवसाचे पैसे निम्मे परत आले. जनावराचे मागितले नव्हते.

तुझ्या कागदावर पावणेनऊची गाडी, परकं कुटुंब आणि न आलेला वाटाड्या, हे तीन मुद्दे पक्के आहेत. चौथा खोट्या पक्ष्याचा, त्याला फोटो जोड.

आणि एक. तो तरुण पगारी पोरगा असणार. पत्र सहल विकणाऱ्याच्या नावाने लिही.

जिभाऊ

---

विषय: उत्तर: पालची जंगलसहल, सल्ला हवा
प्रेषक: अमळनेरचे नाना, दुबई

थोडक्यात लिहितो, कामावर आहे. आधी लेखी मागणी कर, पंधरा दिवसांची मुदत दे. नाहीच ऐकलं तर ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं आणि ज्याच्यासाठी सेवा घेतली तोही ग्राहकच, त्यामुळे आप्पांच्या नावाने नंदुरबारला दाखल करता येईल. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. १९१५ ही हेल्पलाईन आहे, तिथूनही बरेचदा काम होतं. ईमेल, पैसे भरल्याची पावती आणि फोटो जपून ठेव. फोटोची मूळ फाईल ठेव, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको.

नाना

---

विषय: उत्तर: पालची जंगलसहल, सल्ला हवा
प्रेषक: चोपड्याची ताई, मेलबर्न

भाऊ, पैशांचं जिभाऊ आणि नानांनी सांगितलंच आहे. मी तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

आप्पांना सांग. लवकर सांग.

रानपिंगळ्याची गोष्ट आप्पांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, पण तू ती पुन्हा एकदा बघ. १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून या पक्ष्याचे नमुने गोळा केले. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज पक्षीसंग्राहकाच्या संग्रहात एक नमुना सापडला. त्यावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, १९१४, गुजरातमधलं मांडवी. लोकांनी ती चिठ्ठी खरी मानली आणि शोधणारे तिकडे जात राहिले. रासमुसेनबाईंनी तपासलं तेव्हा कळलं की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता, ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, पुन्हा नव्याने पेंढा भरलेला आणि खोट्या चिठ्ठीचा. त्यांनी ती नोंद बाजूला काढली, खऱ्या जागांची यादी केली आणि त्या जागांवर जाऊन शोधलं. म्हणून त्या शहाद्याला आल्या. एक खोटी नोंद पुसली म्हणून तो पक्षी सापडला, भाऊ. ज्या माणसाने हे फळ्यावर शिकवलं त्याच्याच वहीत खोटी नोंद तशीच ठेवायची?

‘काकांना आनंद झाला ना’ हे वाक्य मला फार लागलं. म्हातारं माणूस म्हणजे लहान मूल, त्याला काहीही दाखवून खूश करता येतं, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. आप्पा निम्मं आयुष्य ज्याच्या मागे फिरले, त्यातलं खरंखोटं समजून घ्यायचा त्यांना हक्क आहे.

तक्रारीत आवाज लावल्याचंही लिही. हा पक्षी झाडाच्या ढोलीत घरटं करतो आणि हिवाळा-उन्हाळा हाच त्याचा विणीचा काळ. वीस मिनिटं आवाज वाजवला की हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो अन्न शोधायचं सोडून भांडायला येतो. अभयारण्यात असं करणाऱ्याला वनखात्याने जाब विचारायला हवा.

पुन्हा जाणार असाल तर फेब्रुवारी-मार्चला जा. डिसेंबरात सागाला पान असतं, पानगळ झाली की फांद्या मोकळ्या दिसतात. हा पिंगळा दिवसाउजेडी वावरतो, सकाळी उघड्या शेंड्यावर बसतो. डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, छातीवर गडद तपकिरी, पोट पांढरं, आणि शेपटी सारखी इकडून तिकडे हलवतो. आपल्या गावातल्या पिंगळ्याहून अंगाने भरलेला. त्या तडवी मुलाने एका नजरेत ओळखलं, यात नवल नाही. पूर्वी साहेबांच्या शिकारीला माग काढून द्यायला भिल्लच असत. औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात इतके वाघ मारले ते काय एकट्याने शोधून? नाव मात्र साहेबाचं लागलं, औट्रम घाटालासुद्धा.

ताई

---

विषय: उत्तर: पालची जंगलसहल, सल्ला हवा
प्रेषक: शहाद्याचा भाऊ, ह्यूस्टन

मंडळी, तीन आठवडे झाले, कळवायचं राहिलं.

जिभाऊने सांगितलं तसंच पत्र लिहिलं, नानांनी सांगितलेली मुदत घातली. बाराव्या दिवशी उत्तर आलं. गाडी आणि वाटाड्याबद्दल दिलगिरी, सोळा हजार परत. पक्ष्याबद्दल एक अक्षर नाही. मी पुन्हा लिहिलं की पैसे पुरेत, पण ‘तो रानपिंगळा नव्हता’ एवढी एक ओळ द्या. उत्तर आलेलं नाही. ग्राहक आयोगाकडे मी जाणार नाही, पण आवाज लावल्याबद्दल वनखात्याला फोटोसकट लिहिलं आहे.

आप्पांना रविवारी सांगितलं. व्हिडिओ कॉल लावला, आईलाही बसायला सांगितलं. फोटो पाठवला आणि म्हटलं, आप्पा, डोकं मोठं करून बघा. त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग घरात आपण बोलतो तसं अहिराणीत म्हणाले, ‘मंग हाऊ तो नही शे.’ मी म्हटलं, नाही. मला तिथेच कळलं होतं, मी सांगितलं नाही, माझं चुकलं. त्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

उठून वही घेऊन आले. मला वाटलं पान फाडतील. त्यांनी पट्टी ठेवून ‘रानपिंगळा, एक’ यावर एक रेघ मारली, खालचं अक्षर वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं, ‘पिंगळा. डोक्यावर ठिपके.’ आणि त्या दिवसाची तारीख. कॅमेऱ्यासमोर वही धरून मला दाखवलं. रेघ अगदी सरळ होती.

मग विचारलं, ‘ज्या पोऱ्याने ओळखलं त्याचं नाव काय? दुरुस्ती कोणी केली ते लिहायला हवं.’

मी नाव विचारलंच नव्हतं. पाण्याची कॅन त्याच्या हातून घेतली, दोन दिवस त्याच्याशी बोललो, आणि नाव विचारलं नाही. वहीत तेवढी जागा आप्पांनी मोकळी सोडली आहे.

आपल्यापैकी कोणी येत्या महिन्यात रावेर, सावद्याकडे जाणार असेल तर पालपर्यंत जाता येईल का? अठरा-एकोणीस वर्षांचा आहे, डाव्या भुवईवर जुना व्रण आहे, फाटकापाशी असतो. त्याचं नाव विचारा, आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तो मोकळा आहे का तेही विचारा. आप्पांबरोबर यायचं आहे, दिवसाचे पैसे तो सांगेल ते. गाडी सहाला दारात लागेल, ती मी स्वतः चालवणार आहे.

भाऊ