मदत हवी आहे: पावसाळ्यात खोली बंद ठेवली तर हवा कोंदते, उघडली तर बुरशी येते

नमस्कार मंडळी. फोंड्याला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. सासऱ्यांना दमा आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी बिलापुरता नाही.

गेल्या वर्षी खिडक्यांच्या फटी रबरी पट्टीने बुजवल्या, इन्व्हर्टर एसी २४ वर ठेवला. बिल खरंच उतरलं. पण सासरे सकाळी उठतात तेच डोकं जड घेऊन. भाच्याने कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आणून दिलं. रात्री दहाला ७०० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७०० भाग), पहाटे पाचला २१००! गॅलरीत तेच यंत्र ४३० दाखवतं. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवत राहतो, बाहेरची घेत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग खिडकी चार बोटं उघडी ठेवली. आकडा ९०० च्या आत आला, पण आर्द्रता ६० वरून ८२ टक्क्यांवर गेली. पंधरा दिवसांत पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे हिरवट बुरशी, आणि सासूबाईंच्या शालूच्या घडीवर काळे ठिपके. दमेकऱ्याला बुरशीही वाईटच. शिवाय पावसाने बाहेर गार झालं की एसीचा कॉम्प्रेसर मंदावतो. खोली थंड राहते, ओल मात्र तशीच.

मडकईला माहेरी मंगळुरी कौलांतून हवा खेळायची आणि चुलीच्या धगीने वर टांगलेलं सगळं कोरडं राहायचं. तो धूर मात्र आईच्या छातीत गेला, म्हणून जुनं तेच बरं असं मी म्हणणार नाही.

एक्झॉस्ट पंखा लावला तर तो बाहेरची ओली हवाच आत खेचणार. ओल शोषणारं यंत्र घेतलं तर अडीचशे-तीनशे वॅट आणि वर खोलीत उष्णता. जाणाऱ्या हवेकडून येणाऱ्या हवेतली ओल काढून घेणारं, 'ईआरव्ही' म्हणतात ते यंत्र गोव्यात किंवा सिंधुदुर्गात कुणी घरी बसवलंय का? जाळी किती दिवसांनी धुवावी लागते? पावसाळ्यात आतल्या आर्द्रतेत खरंच फरक पडतो का?

प्रतिसाद: ताई, खर्च करण्याआधी रात्री बेडरूमचं दार हॉलकडे उघडं ठेवून बघा. तीच हवा मोठ्या जागेत पसरेल, बाहेरची ओल येणार नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

मी: धन्यवाद, तीन रात्री करून पाहिलं. पहाटे १२००, आर्द्रता ६४. कपाटही ओढलं. ईआरव्हीबद्दल अजून वाट बघते आहे.