मदत हवी आहे: बाळाच्या पायात बूट टिकतच नाहीत

अबोली_वाळपई
रात्रीचे दोन वाजलेत. बूट परत निघाले. पट्टा कितीही आवळला तरी टाच वर सरकते आणि थोड्या वेळात डावा पाय बाहेर. रडून रडून घर डोक्यावर घेतलंय. सासूबाई म्हणतात, राहू दे, पोराचे हाल करू नकोस. नवरा बोटीवर, फोन लागत नाही. पट्टा नक्की किती घट्ट बांधायचा? आत कापूस वगैरे घातला तर चालतो का? पुढची तारीख लांब आहे, प्लीज कुणीतरी पटकन सांगा.

दर्यावर्दी
ताई, बाळ केवढं आहे? चालायला लागेपर्यंत बूट घालूच नयेत. अनवाणी खेळू दे, पायाचे स्नायू बळकट होतात. आमची तिन्ही मुलं अंगणात मातीतच वाढली.

अबोली_वाळपई
दादा, ते बूट नव्हेत. क्लबफूटचे, दोन्ही बुटांना जोडणारी पट्टी मधे असते ते.

फोंड्याची_मावशी
म्हणजे पाऊल आत वळलेलं? माझ्या भाच्याचं अगदी तसंच होतं. माझ्या आईने रोज आंघोळीआधी कोमट खोबरेल लावून पाय चोळला, चार-पाच महिन्यांत सरळ. प्लास्टर नाही, बूट नाहीत. आताच्या डॉक्टरांना मालिशीचं महत्त्व पटत नाही.

सावंतवाडीकर
मावशी, तुमच्या भाच्याचं पाऊल हाताने सहज सरळ होत असणार. पोटात अवघडून बसल्यामुळे काही बाळांची पावलं तशी दिसतात आणि आपोआप सुटतात. खरा क्लबफूट ताठ असतो, तो चोळून सुटत नाही. माझी मुलगी आता तिसरीत आहे, बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या फेऱ्या करून आम्ही या सगळ्यातून गेलोय. आणि अबोलीताई, बुटाच्या आत तेल-लोशन अजिबात नको. कातडी मऊ पडते आणि लाल डाग असेल तिथे फोड येतो.

आता हे सांगा: एक पाय की दोन्ही? वय किती? टाचेमागच्या शिरेचं, म्हणजे स्नायू टाचेला जोडणाऱ्या दोरीचं, ऑपरेशन झालंय का? बूट दिवसभर सांगितलेत की फक्त झोपेत?

फोंड्याची_मावशी
ताठ होता की मऊ, हे तुम्ही न बघता कसं सांगता? मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

पेडण्याची_आत्या
गे बाये, पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं का? त्या वेळी विळी-सुरी हातात धरली तर मुलाच्या हातापायांना असं होतं. आमच्या वाड्यावर एकीच्या बाबतीत झालंय. देवाला गाऱ्हाणं घाल, बरं वाटेल.

डिचोलीचा_बाबा
आत्या, ती आधीच रात्रभर जागी आहे, तिच्या डोक्यावर हे ओझं कशाला? साधारण हजार जन्मांत एका बाळाला क्लबफूट असतो, मुलग्यांमध्ये मुलींच्या दुप्पट, आणि निम्म्या बाळांना दोन्ही पायांना. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. आईने काय केलं किंवा केलं नाही म्हणून हे होत नाही. ताई, हे मनातून काढून टाका.

आता बुटाचं. आधी जो पाय जास्त त्रास देतो तो घाला, म्हणजे डावा. गुडघा वाकवून टाच पूर्ण खाली बसवा आणि पहिल्यांदा मधला पट्टा आवळा, टाच तोच धरून ठेवतो. नाडी, बाकीचे पट्टे नंतर. टाचेजवळ भोक असेल तर त्यातून बघा, टाच खाली टेकलेली दिसली पाहिजे. मोजा पातळ सुती, शिवण बोटांवर येणार नाही असा. तरी निसटत असेल तर पट्टा एक भोक पुढे. बुटाची जीभ आडवी येत असेल तर ती काढली तरी चालते. कापूस मात्र घालू नका, त्याने टाच वरच राहते. पट्टीला जुन्या सुती साडीचा कपडा गुंडाळा, तुम्हालाही लागणार नाही.

आणि दिवसा पट्टी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवा, सरळ करा, खेळवल्यासारखं. एकेक पाय झाडायला मिळत नाही म्हणून बाळ चिडतं. दोन्ही मिळून झाडायला शिकलं की रडणं कमी होतं.

शिवोली_अंगण
पट्टीच काढून टाका. आमच्या शेजाऱ्यांनी पट्टी सोडून नुसते प्लास्टिकचे लांब बूट घातले, मूल मजेत होतं.

सावंतवाडीकर
आणि पुढे? पाऊल बाहेरच्या बाजूला साठ-सत्तर अंशांवर धरून ठेवायचं काम पट्टी करते. नुसता बूट पायासकट आत वळतो. बूट-पट्टी सोडणं हेच पाय परत वळण्याचं सगळ्यात मोठं कारण, असं आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कृपा करून असला सल्ला देऊ नका.

शिवोली_अंगण
मी अनुभव सांगितला. पुढचं मला माहीत नाही, ते भाड्याने राहत होते, घर बदललं.

निवृत्त_मास्तर
विषय निघालाच आहे तर सांगतो. प्लास्टर आणि बूट-पट्टीची ही पद्धत डॉ. इग्नासियो पोन्सेटी यांची. जन्म ३ जून १९१४, स्पेनच्या मिनोर्का बेटावर. यादवी युद्धात जखमींची हाडं बसवली, नंतर देश सोडावा लागला, फ्रान्स, मेक्सिको करत १९४१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाला पोहोचले. लहानपणी मोठी ऑपरेशनं केलेले पाय पुढे ताठ आणि दुखरे होतात हे त्यांनी पाहिलं, म्हणून हाताने वळवून दर आठवड्याला प्लास्टर ही रीत बसवली. जगाने ती मान्य करायला कित्येक दशकं लागली. २००९ मध्ये ते वारले. ३ जूनला जागतिक क्लबफूट दिवस पाळतात तो यांच्यामुळे.

अबोली_वाळपई
मास्तर, छान माहिती, पण मला आज रात्री काय करायचं ते हवंय.
सावंतवाडीकर दादा, दोन्ही पाय. पाच महिने झाले. प्लास्टरं झाली, टाचेमागची शीर कापली, त्यानंतरचं तीन आठवड्यांचं प्लास्टरही झालं. आता २३ तास बूट सांगितलेत. सुरुवातीला नीट राहत होते, हल्लीच निसटायला लागलेत. डिचोलीच्या बाबांनी सांगितलं तसं केलं. उजवा राहिला, डावा परत निघाला.

कुडचडे_गृहिणी
माझी मुलगी सहा वर्षांची, तळवे सपाट आहेत. तिलाही असे बूट लागतील का?

सावंतवाडीकर
"हल्लीच" हा शब्द महत्त्वाचा. बाळ शांत असताना बूट काढा, गुडघा सरळ धरून पाऊल हलकेच वर, नडगीकडे न्या. जोर लावू नका. दोन्ही पाय सारखे जातात का?

अबोली_वाळपई
उजवं जातं. डावं काटकोनापाशीच अडतं, टाच घट्ट लागते. टाचेवर लाल डागही आहे.

सावंतवाडीकर
मग दोष पट्ट्याचा नाही. पाऊल पुरेसं वर जात नसलं की टाच बुटात बसूच शकत नाही, तुम्ही किती आवळा. पाय परत ओढायला लागला असेल. तारखेची वाट बघू नका, उद्याच केसपेपर आणि बूट घेऊन जा.

डिचोलीचा_बाबा
पण बूट नंबराने लहान झाला असेल तरी निसटतो. या वयात पाय भराभर वाढतो.

सावंतवाडीकर
असेलही. तेही तिथेच कळेल. घरी बसून पट्टा आवळण्यात दिवस घालवू नयेत एवढंच माझं म्हणणं.

दर्यावर्दी
वाळपईहून कदंबा बसने जाणार असाल तर सकाळची पहिली गाडी बघा, नंतर उभं राहायला जागा नसते. पट्टी लावलेलं बाळ घेऊन स्कूटरवर मुळीच बसू नका. आणि खर्चाची चिंता असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट धरलेला आहे, २०१३ पासून. अंगणवाडी ताईंना विचारा, त्या सांगतील कागद कुठे द्यायचे.

अबोली_वाळपई
जाऊन आले. डावा पाय थोडा परत वळलाय. मोठं ऑपरेशन नको म्हणाले, लवकर आलात, दोन-तीन प्लास्टरांत सुटेल. उजव्यालाही प्लास्टर घातलंय, कारण एकाच पायाला बूट घालून पट्टी बसत नाही. नंतर एक नंबर मोठे बूट. सासूबाई सोबत होत्या, डॉक्टरांनी त्यांनाही पाऊल हातात धरून दाखवलं. येताना त्याच म्हणाल्या, आता चार-पाच वर्षांचा होईपर्यंत रात्रीचे बूट मीच घालीन.
पण आता नवीन अडचण. इथे धो धो पाऊस, घरात सगळं ओलं, प्लास्टर सुकल्यासारखं वाटतच नाही.

फोंड्याची_मावशी
बरं झालं गेलीस. पंख्याखाली निजव, पाय उशीवर उघडे ठेव. चुलीजवळ नेऊ नकोस, आतून चटका बसतो. आंघोळ नको, ओल्या फडक्याने पूस.

सावंतवाडीकर
मावशींचं बरोबर. लंगोट प्लास्टरच्या वरच्या कडेला लागू देऊ नका, मुतामुळे आतली कातडी सोलते. दूध पाजताना दर वेळी बोटं बघा: गुलाबी आणि कोमट हवीत, दाबून सोडली की रंग पटकन परत यायला हवा. निळी, पांढरी किंवा सुजलेली दिसली तर रात्र असली तरी निघा. आणि बोटं आत जाऊन दिसेनाशी झाली तर प्लास्टर घसरलंय असं समजा, ते तसंच ठेवू नका, लगेच दाखवून बदलून घ्या.