ओला कचरा फ्लॅटमध्येच जिरवायचाय, पण एकदा फसलंय – सल्ला हवा

सहावा_मजला
नमस्कार. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठ. तिच्या शाळेत कचऱ्यावर प्रकल्प होता, तेव्हापासून रोज विचारते, "आई, आपला कचरा जातो कुठे?" पुण्याचा कचरा जिथे टाकला जायचा त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी कचरा डेपोविरुद्ध किती वर्षं आंदोलनं केली ते तिला सांगितलं, आणि सांगताना मलाच अपराधी वाटलं.

गेल्या पावसाळ्यात एक तयार कंपोस्ट डबा ऑनलाइन मागवला होता. तिसऱ्या आठवड्यात वास सुटला, झाकण उघडलं तर अळ्या वळवळत होत्या. सासूबाई म्हणाल्या, स्वयंपाकघराला लागून हे नको. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. डबा धुऊन माळ्यावर टाकला. आता परत करायचंय, पण त्यांच्या मनाविरुद्ध नाही.

शिवाय डोक्यात मोठी यादी आहे: बांबूचे ब्रश, रिठा, कापडी पॅड, सोलर. सगळं एकदम झेपणार नाही. आधी काय करू?

गच्चीतली
ताई, आधी ओला कचराच घ्या. बाकीचं मागाहून येईल. आमच्याकडे पाच माणसांचा ओला कचरा काट्यावर घातला तर दिवसाला साधारण किलोभर भरतो. तो घरात जिरला की उरलेला कोरडा कचरा स्वच्छ राहतो आणि कचरावेचक ताईंना हात न बरबटता वेगळा करता येतो. मला हा फायदा खतापेक्षा मोठा वाटतो.

तुमचं फसलं ते कोरडं कमी पडल्यामुळे असणार. भाजीच्या देठांत, सालांत पाणी भरपूर असतं. ते एकावर एक दबलं की आत हवा जात नाही आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. कुजका वास त्यांचा. म्हणून ओंजळभर ओल्या कचऱ्यावर ओंजळभर सुका पालापाचोळा, हे रोज, न चुकता.

नवीन काही विकत घेऊ नका. माळ्यावरच्या त्याच डब्याला तळाशी आणि बाजूंनी भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर चार बोटं पाला. मग चिरलेला कचरा आणि पाला असे थर. पहिल्या दिवशी वाटीभर आंबट ताक शिंपडा, ते विरजणासारखं काम करतं. तीन-चार दिवसांनी खालपर्यंत हलवा. मूठभर घेऊन दाबून बघा: हात ओलसर व्हावा, पण थेंब गळू नये. गळला तर अजून पाला. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तरी पालाच.

अळ्यांचं म्हणाल तर त्या बहुधा सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. चावत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. पण किळस वाटते हे मान्य. वरचा थर कायम सुक्या पाल्याचा ठेवला तर माशीला अंडी घालायला जागा मिळत नाही. चिलटं झाली तर मूठभर निंबोळी पेंड.

आणि सासूबाईंना विचारा, गावाकडे खताचा खड्डा कसा भरायचे. माझ्या सासऱ्यांना विचारलं, त्या दिवसापासून डबा त्यांच्याच ताब्यात आहे.

केळफूल
गच्चीतली यांना अनुमोदन. एक भर: बांबूचे ब्रश, स्टीलच्या स्ट्रॉ ही खरेदी आत्ता नकोच. घरातले प्लास्टिकचे डबे चांगले असतील तर फुटेपर्यंत वापरा. आमच्याकडे जुन्या सुती साड्यांच्या बारा पिशव्या शिवल्या, त्यातल्या दोन कायम स्कूटरच्या डिकीत असतात. घरी विसरलेल्या पिशवीचा काही उपयोग नाही.

रिठ्याचं पाणी रोजच्या कपड्यांना छान, पण मुलांच्या मळक्या गणवेशाला पुरत नाही, हे आधीच सांगते.

मीटरवाला
विजेचं सांगतो. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दिवसाला दहा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला तेरा-चौदा युनिट वाचतात. त्यामुळे हॉल आणि झोपायच्या खोल्यांचे बदला. तासभर चालणारा पंखा बदलण्यात अर्थ नाही.

सोलरचं म्हणाल तर फ्लॅटवाल्यांना स्वतःचं छत नसतं, पण सोसायटीला असतं. छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय मांडा.

पाणी शुद्ध करायला आरओ असेल तर आधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं की तो लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तिथे आरओ नको. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं.

सहावा_मजला
सगळ्यांचे मनापासून आभार. आरओ आहे, कारण उन्हाळ्यात टँकर येतो. आरओमधून वाया जाणारं पाणी निदान फरशीला वापरायला आजपासून सुरुवात. दोन शंका: सहाव्या मजल्यावर एवढा पाला आणू कुठून? आणि शिजवलेलं अन्न चालतं का?

गच्चीतली
हे पानगळीचेच दिवस आहेत. सोसायटीच्या माळीकाकांना सांगा, जाळू नका, पोत्यात भरून ठेवा. चार पोती बरेच दिवस पुरतील. पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रम आहे, पाला असलेल्यांची आणि हवा असलेल्यांची ते गाठ घालून देतात.

उरलेला भात-पोळी थोडी चालते. तेलकट रस्सा, हाडं, मासे पहिले सहा महिने नकोत.

रानजाई
कापडी पॅड कुणावर लादू नका, ज्याचं त्याने ठरवावं. पण जे पॅड किंवा डायपर टाकता ते कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचकांनी पुण्यात ही मागणी केली होती, म्हणजे उघडून बघायची वेळ त्यांच्यावर येत नाही. हे आजच्या आज करता येतं.

सहावा_मजला
नऊ आठवड्यांनी लिहितेय. सासूबाईंना खड्ड्याचं विचारलं आणि त्या तासभर बोलत होत्या: शेण, राख, गोठ्यातला केर, कशावर काय टाकायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच देठं बारीक चिरायला घेतली. पाला टाकायचं काम मुलीचं, हलवायचं मुलाचं. मधे एकदा आंबूस वास आला, सासूबाईंनी दोन ओंजळी पाला जास्त टाकला आणि दोन दिवसांत गेला. काल खालचं काढलं तर काळंभोर, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. कढीपत्त्याला घातलं.

फक्त आंब्याच्या कोया आणि नारळाच्या शेंड्या तशाच आहेत. फेकायच्या का?

गच्चीतली
वाचून फार आनंद झाला! फेकू नका. खत चाळून घ्या आणि वर राहील ते सगळं पुढच्या खेपेत तळाला घाला. शेंड्यांना वेळ लागतो. कोया दोन-तीन खेपांत मऊ पडतात. एखादी रुजलीच तर मुलीला कुंडीत लावायला द्या.