बंद हंगामात प्रत्येक सेफ्टी व्हॉल्व्ह खोलायलाच हवा का?

चिमणीखालचा (धागाकर्ता)

गाळप हंगाम संपून बॉयलर थंड झाला की साखर कारखान्यांत ड्रमवरचे (पाणी-वाफेच्या टाकीवरचे) दोन आणि सुपरहीटरवरचा (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांवरचा) एक असे तिन्ही सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब मर्यादेपलीकडे गेला की आपोआप उघडून वाफ सोडणारे व्हॉल्व्ह, उतरवले जातात, सुटे होतात, सीट (बैठक) आणि तिच्यावर टेकणारी डिस्क यांना लॅपिंग होते (पेस्ट लावून घासून सपाट केले जाते) आणि पुढच्या हंगामाआधी बॉयलर इन्स्पेक्टरसमोर फ्लोटिंग होते, म्हणजे बॉयलरचा दाब चढवून व्हॉल्व्ह प्रत्यक्ष उडवून पाहिला जातो. माझा आक्षेप ओव्हरहॉलला नाही. चाचणी न करता खोलण्याला आहे. हंगामभर तो व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उडाला असता की नाही, हे कळण्याची एकमेव संधी आपण पान्याच्या पहिल्या फेऱ्याला गमावतो. आग विझवण्यापूर्वी, शेवटच्या दिवशी, गरम वाफेवरच फ्लोटिंग करावे, आकडे नोंदवावेत आणि जो चुकला किंवा गळला तोच खोलावा, असे माझे म्हणणे आहे.

आमच्याकडे 45 किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाबाच्या बॉयलरवर ड्रमचे व्हॉल्व्ह 51 आणि 50 ला, सुपरहीटरचा 47 ला लावलेला आहे. सुपरहीटरचा आधी उडावा, म्हणजे नळ्यांतून वाफ वाहती राहून त्या जळत नाहीत, हा त्यामागचा हेतू. एका वर्षी चांगला चालणारा 51 चा व्हॉल्व्ह केवळ प्रथा म्हणून खोलला. फिटरने नॉझल रिंगच्या (व्हॉल्व्ह परत कधी बसेल, म्हणजे बंद होईल, ते ठरवणाऱ्या कड्याच्या) खाचा मोजून न ठेवताच ती फिरवली. पुढच्या फ्लोटिंगला व्हॉल्व्ह 51 ला बरोबर उडाला, पण डेटाशीटप्रमाणे 49 च्या आसपास बसायचा तो 46 पर्यंत बसेना. बिघाड आम्हीच केला होता.

फिटर ते फोरमन

आपला अनुभव खरा असला, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. खाचा मोजल्या नाहीत हा कामाचा दोष आहे, ओव्हरहॉलचा नव्हे. व्हॉल्व्ह बरोबर दाबाला उडाला एवढ्यावरून त्याची स्प्रिंग निरोगी आहे, हे कसे ठरवता? स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर गंजाचे खड्डे पडलेले असतात, स्पिंडल किंचित वाकलेला असतो, गाइडमध्ये क्षार साचू लागलेले असतात. हे सारे डोळ्यांनी आणि डायल गेजवर फिरवून पाहिल्याशिवाय दिसत नाही. शिवाय आपला बॉयलर सहा-सात महिने बंद राहतो. एप्रिलमध्ये उत्तम उडालेला व्हॉल्व्ह अख्खा पावसाळा दमट हवेत उभा राहून ऑक्टोबरमध्ये तसाच उडेल, याची हमी मी तरी देणार नाही.

शेवटच्या दिवसाचे म्हणाल, तर त्या दिवशी ऊस संपत आलेला, जळणाचा उसाचा भुसा ओला आणि दाब कधी चाळीस, कधी त्रेचाळीस. अशा वेळी 51 पर्यंत दाब चढवून तो तिथे स्थिर ठेवणारा बॉयलर अटेंडंट मला दाखवा.

केमिकल प्लांट

आमचे क्षेत्र वेगळे, म्हणून थोडे बाहेरून लिहितो. दाबपात्रांच्या तपासणीसाठीचे एपीआय 510 हे मानक नेहमीच्या प्रक्रियेतील व्हॉल्व्हसाठी साधारण 5 वर्षांपर्यंत आणि स्वच्छ, न गंजणाऱ्या द्रवांसाठी 10 वर्षांपर्यंत अंतर चालवून घेते, मात्र ते अंतर मागील नोंदींवर ठरते. व्हॉल्व्ह उतरवून, साफ करण्यापूर्वी बेंचवर (चाचणीच्या टेबलावर) उडवून पाहण्याची पद्धत म्हणूनच महत्त्वाची मानली जाते. लावलेल्या दाबाच्या दीडपटीलाही जो उघडत नाही, तो अडकलेला समजायचा, असा आमचा दंडक आहे. त्यामुळे मूळ मुद्द्याशी मी सहमत आहे. मात्र बेंचवर थंड हवा असते आणि तिचा साठाही मोजका असतो. तिथे उडण्याचा दाब आणि सीटची गळती कळते, व्हॉल्व्ह परत कधी बसतो ते कळत नाही. रिंगची चूक तुम्हाला फ्लोटिंगलाच सापडली, ती याचमुळे.

वाफेचा हिशेब

दाब न चढवता, स्पिंडलला हायड्रॉलिक जॅक लावून चालू बॉयलरवरच उडण्याचा दाब काढता येतो. फोरमन साहेबांच्या ओल्या भुशाच्या अडचणीवर तो उपाय आहे. पण त्यात सीटचे क्षेत्रफळ धरून गणित करावे लागते, आणि वर्षानुवर्षे लॅपिंग होऊन सीट रुंदावली असेल तर ते क्षेत्रफळच चुकीचे धरले जाते. ब्लो डाऊन, म्हणजे उडण्याच्या आणि परत बसण्याच्या दाबातला फरक, तर यातही कळत नाही.

उडणाऱ्यापेक्षा न बसणारा व्हॉल्व्ह महागात पडल्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्राचे आहे. 28 मार्च 1979 रोजी तिथला रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि बंद झालाच नाही. पॅनेलवर मात्र बंद होण्याचा आदेश गेल्याची खूण दिसत होती, आणि दोन तासांहून अधिक काळ शीतकरणाचे पाणी निघून जात राहिले.

फिटर ते फोरमन

तो पायलटवर (दुसऱ्या छोट्या व्हॉल्व्हच्या इशाऱ्यावर) चालणारा व्हॉल्व्ह होता, आपल्या स्प्रिंगच्या व्हॉल्व्हशी त्याची सरळ तुलना नको. जॅकची सूचना मात्र योग्य आहे, आणि त्या आकड्याची नोंद ठेवायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती आकडा चांगला आला म्हणून खोलणे टाळण्याला.

चिमणीखालचा

स्प्रिंग आणि पावसाळ्याचा आपला मुद्दा मी स्वीकारतो. स्प्रिंग आणि स्पिंडल दरवर्षी पाहावेत. परंतु पाहणे वेगळे आणि लॅपिंग करणे वेगळे. डिस्कला निळा रंग लावून सीटवर अखंड कडे उमटत असेल, म्हणजे ती सगळीकडे नीट टेकत असेल, तर तिथे पेस्ट लावायची गरज काय? प्रत्येक लॅपिंगला धातू जातो, आणि उत्पादकाने दिलेल्या किमान मापाखाली गेलेले नॉझल मशिनवर नेल्याशिवाय पर्याय उरत नाही.

आणखी एक धोका कोणी मांडला नाही. फ्लोटिंगला आपण सर्वांत जास्त दाबाच्या व्हॉल्व्हपासून सुरुवात करतो, तेव्हा बाकीच्यांना गॅग (व्हॉल्व्ह उघडू न देणारे शिकंजे) लावलेले असतात; एखादा चुकून तसाच राहिला, तर तो व्हॉल्व्ह उडणारच नाही. जितक्या वेळा खोलाल, तितक्या वेळा गॅग लावाल आणि काढाल. आमच्याकडे आता इन्स्पेक्टर साहेब सह्या करण्यापूर्वी सगळे गॅग टेबलावर मोजून ठेवले जातात आणि मगच सील मारले जाते, कारण एकदा दोनच निघाले होते आणि तिसरा शोधायला मला स्वतःला शिडी चढावी लागली होती.