अनुभव धागा: काटा हलेना! तुमचं वजन कुठे अडकलं होतं आणि पुढे काय झालं?

मंडळी, धागा काढायचं कारण म्हणजे आमच्या बेडरूममधला वजनकाटा. जानेवारीत ७९ होते. संक्रांतीचा तिळगूळ एकदाचा संपला आणि सुरुवात केली, नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर रोज पन्नास मिनिटं, रात्रीचा भात बंद, साखर बंद, मे संपेपर्यंत ६८.४. सगळे विचारायला लागले काय करतेस काय करतेस, मी पण जरा हवेत. आणि तेव्हापासून सात आठवडे झाले, ६८.४, ६८.७, ६८.२, परत ६८.४. नवरा म्हणाला काट्याचा सेल गेला असेल, तर सेल पण बदलून झाला. सासूबाई म्हणतात पुरे आता, गळ्याची हाडं दिसायला लागली. वय ४१, उंची पाच फूट दोन.

सल्ले नकोत, ते मोबाइलवर ढिगाने येतात. मला तुमच्याबाबतीत काय झालं ते पाहिजे. किती दिवस अडकलं, काय केलंत, हललं का. नसेल हललं तरी लिहा.

सातपूरचा शिफ्टवाला
माझं ९१ वरून ८३ ला आलं आणि तिथेच बसलं, तीन महिने. कंपनीत सहा कप चहा व्हायचा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे रोजची साठ ग्रॅम, ती बंद केली आणि संध्याकाळी जिम लावली तर पहिले पाच किलो असेच गेले, मी म्हणलं सोप्पंय हे. मग थांबलं ते थांबलंच. डबा तोच, जिम तीच, बायकोला संशय की हा बाहेर काहीतरी हाणतोय. नाय हाणत भो, खरंच. सापडलं कसं तर सहज मोबाइलमधे जुने स्टेप्स बघत होतो. डिसेंबरपर्यंत रोजचे बारा-तेरा हजार, कारण लाईनवर उभ्याचं काम, इकडून तिकडे पळापळ. जानेवारीपासून मला क्वालिटीला घेतलं, खुर्ची, एसी, कॉम्प्युटर, आणि स्टेप्स चार हजार! प्रमोशनचे पेढे वाटले त्याच महिन्यात वजन अडकलं होतं आणि डोक्यातच आलं नाही. जिम एक तास, बाकी सगळा दिवस बूड खुर्चीला. आता जेवणाच्या सुट्टीत आवारात दोन चकरा, फोन आला की उठून चालत बोलायचं, आठ-नऊ हजार होतात. सध्या ७९.५.

कॉलेज रोडचा हिशोबी
मी एक्सेलवाला माणूस, कंटाळा आला तर खाली जा. ९२ होतो, ७८ ला अडकलो, नऊ आठवडे. वय ३५, उंची १७२. बीएमआर, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीराला लागणाऱ्या कॅलरी, काढायचा मिफ्लिनचा फॉर्म्युला आहे १९९० चा, त्यात माझे आकडे टाकले. ९२ किलोला आराम करायलाच १८२५ कॅलरी लागत होत्या, ७८ ला १६८५. म्हणजे नुसतं लोळत पडलो तरी १४० कमी, आणि दिवसभराचं चालणं फिरणं धरलं तर दोनशेच्या आसपास. वर अजून एक, गोल्फ क्लब मैदानावर मी त्याच फेऱ्या मारतोय पण आता १४ किलोचं पोतं पाठीवरून उतरवून मारतोय, तर खर्च कमीच होणार ना. जे जेवण ९२ ला डाएट होतं ते ७८ ला जवळपास पोटभर जेवण झालं. मी काही चुकत नव्हतो, हिशोबच बदलला होता आणि मी जुन्याच हिशोबावर चालत होतो.

शिवाय शरीर स्वतःहून काटकसर करतं ते वेगळं. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवायची स्पर्धा असायची, तिथल्या १४ जणांवरचा अभ्यास २०१६ ला आला होता, स्पर्धा होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांचा आरामातला खर्च हिशोबापेक्षा सरासरी ५०० कॅलरींनी कमीच. अर्थात ते टोकाचं प्रकरण, त्यांनी सात महिन्यांत पन्नासपेक्षा जास्त किलो उतरवले होते, आपलं तसं नाही. मी खाणं फार नाही तोडलं, साधारण दीडशे कॅलरी. एक पोळी कमी, त्याजागी वाटीभर जास्त उसळ नाहीतर दोन अंडी, आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लागलो. दोन महिन्यांत ७५.

धागाकर्ती
पोत्याचं एकदम पटलं! आणि सातपूरकर, वहिनींनी माफी मागितली का?

सातपूरचा शिफ्टवाला
नाही, आता म्हणते कोणाशी एवढा चालत चालत बोलतोस.

इंदिरानगर, दोन मुलांची आई
अगं माझं तर अडकलंच नव्हतं, मला वाटत होतं अडकलंय! मी दर सोमवारी वजन करायचे आणि सोमवार खराब गेला की आठवडा खराब. मग एकदा पेटून महिनाभर रोज सकाळी केलं, कॅलेंडरवर लिहून ठेवलं. पाळीच्या आधीचे पाच-सहा दिवस दीड किलो वर, पाळी आली की तिसऱ्या दिवसापासून खाली. ते सगळं पाणी. मी या महिन्याच्या पाळीआधीच्या सोमवारची तुलना मागच्या महिन्यातल्या पाळीनंतरच्या सोमवारशी करत होते, मग कसं कमी दिसणार. रात्री हॉटेलात जेवलं की दुसऱ्या दिवशी वर, लोणचं पापड जास्त झालं की वर. आता मी पाळीच्या पाचव्या दिवसाचं वजन तेवढं खरं मानते, बाकीचं नुसतं लिहून ठेवते.

दुसरं म्हणजे जिममधे स्क्वॉट्स चालू केले तेव्हा दोन आठवड्यांत एक किलो वाढलं, मी रडकुंडीला. ट्रेनर म्हणाला स्नायू दुखतायत ना, मग तिथे पाणी धरलं जातं, थांब जरा. त्याच महिन्यात चुलत दिराच्या लग्नासाठी जुना ब्लाऊज काढला तर ढगळ, शिलाईवाल्या काकूंनी दोन्ही बाजूंनी टीप मारून दिली. काटा म्हणतो वाढली, काकू म्हणतात आटली. मी काकूंवर विश्वास ठेवला.

पंचवटीकर (वय ६४)
नमस्कार. मुलाने टाईप करायला शिकवले आहे, चुका पोटात घालाव्या. माझे वजन ८४ होते, शुगर काठावर. गोदापार्कवर रोज सकाळी पाऊण तास चालतो. ७८ झाले आणि चार महिने तिथेच. डॉक्टर म्हणाले खाण्याची वही लिहा, लिहिली. त्यांनी वही चाळली आणि विचारले, काका, हे सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी उपास म्हणून लिहिले आहे, त्या दिवशी काय खाता? मी अभिमानाने म्हणालो फक्त खिचडी आणि दूध. त्यांनी पॅडवर हिशोब मांडला. शंभर ग्रॅम साबुदाणा साडेतीनशे कॅलरी, मूठ दीड मूठ शेंगदाण्याचे कूट पावणेतीनशे, वर तूप. एक प्लेट सातशेच्या पुढे, आणि मी दोन वेळा घेत होतो, मधे केळ्याचे वेफर्स आणि राजगिऱ्याचा लाडू. महिन्याचे दहा-अकरा दिवस असे! साध्या वरण-भात-भाजी-पोळीच्या दिवशी मी कमी खात होतो हो. देवाला सगळे माहीत होते, मलाच नव्हते.

उपास सोडले नाहीत, सोडणारही नाही. आता भगर एक वाटी, दाण्याची आमटी पातळ, भरपूर ताक, काकडी. ७४ वर आलो आहे. श्रावण तोंडावर आहे, बघू काय होते.

सायकलवाला, गंगापूर रोड
काका जबरदस्त! माझं पण तसंच, फक्त खिचडीच्या जागी मिसळ. महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मधे अमेरिकेतली रॅम, म्हणजे अख्खा देश आडवा पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली तेव्हापासून आपल्याकडे सायकलचं जे वारं सुटलं त्यात मी पण वाहत गेलो. दर रविवारी ग्रुपबरोबर त्र्यंबक आणि परत, पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात. येताना मिसळ ठरलेलीच, पापड, दही, एक्स्ट्रा पाव, तर्री दोनदा मागून, शेवटी जिलबी. आपण एवढं चालवलंय म्हणल्यावर कोण अडवणार. घरी आलो की आंघोळ करून आडवा, दुपारी उठून परत जेवण कारण "सायकलिंग झालंय". वर्षभर ८६, ना खाली ना वर. ग्रुपमधल्या सगळ्यांची पोटं तशीच आहेत हे पण लक्षात आलं नाही, जर्सी टाईट असतात म्हणून वाटायचं! मिसळ सोडली नाही, नाशकात राहून कोण सोडणार. पाव एक, जिलबी नाही, दुपारी झोप नाही. तीन किलो गेले, पुढचं माहीत नाही.

नाशिकरोड
मी जरा वेगळं लिहिते, नवीन मुलींनी वाचावं म्हणून. माझं ७१ ला अडकलं तेव्हा मी घाबरून खाणं अजून कमी केलं. शेक पिऊन वजन उतरवायचा एक क्लब होता जवळ, तिथली ताई म्हणाली बाराशे कॅलरी जास्त होतात, नऊशेवर ये. आले. पहिल्या दहा दिवसांत दोन किलो गेले, मला वाटलं चला सापडला मंत्र. मग परत अडकलं. थंडी वाजायची एप्रिलमधे, नाशिकच्या उन्हात! चिडचिड, पोरावर हात उचलला एकदा, अजून वाईट वाटतं. बाथरूमची जाळी केसांनी भरायची आणि तीन महिने पाळी आली नाही. गायनॅकने आधी प्रेग्नन्सी टेस्ट केली, मग खाण्याबद्दल विचारलं आणि ऐकून नुसती बघत राहिली माझ्याकडे. म्हणाली शरीराला वाटतंय दुष्काळ पडलाय, ते तुझ्याकडून एक दाणा सुटू देणार नाही.

खाणं हळूहळू सोळाशेवर आणलं, वजन वाढलं, ७३ झालं, रडले. पाच महिन्यांनी पाळी नीट झाली. आत्ता ७० आहे, वरण-भात खाऊन. म्हणजे ज्या आकड्यासाठी एवढं केलं त्याच्या खाली आलेच की, फक्त एक वर्ष वाया घालवून.

देवळाली कॅम्प
माझं थायरॉईड निघालं. वजन अडकलं म्हणून नाही तपासलं, दिवसभर झोप येत होती आणि चेहरा सुजल्यासारखा दिसायचा म्हणून तपासलं, रक्तातलं टीएसएच (थायरॉईड मंद असलं की हे वाढतं) ९ च्या वर. गोळी चालू झाली, सकाळी उपाशीपोटी, चहा तासाभराने, कॅल्शियमची गोळी लांब रात्री. पण खरं सांगू का, मला वाटलं गोळीने आता धडाधड उतरेल, तसं काही होत नाही. दोन-अडीच किलो गेले, डॉक्टर म्हणाले त्यात बरंचसं पाणीच होतं. बाकीचं आपलं आपल्यालाच. पण अंगात जीव आला, त्यामुळे चालायला तरी जाते.

भाभानगर
धागाकर्ती ताई, एकच प्रश्न. घरात तेल महिन्याला किती लागतं आणि माणसं किती?

धागाकर्ती
बघून सांगते. (का विचारताय ते कळलंय, पोटात गोळा आलाय.)

म्हसरूळ, आता थांबलेली
माझं उत्तर कोणाला आवडणार नाही. ६४ ला अडकलं, उंची १५५, टार्गेट ५५ होतं कारण लग्नात ५५ होते. आठ महिने सगळं करून बघितलं, सोळा तासांचा उपास, दोनच वेळा जेवण, पहाटे उठून चामरलेणीच्या पायऱ्या. हललं नाही. म्हणजे एक-दोन किलो हलायचं आणि परत यायचं. मग वर्षाच्या तपासणीला गेले तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ६.३ चं ५.७ झालं होतं, कंबर ९१ ची ८२. डॉक्टर म्हणाले बायकांची कंबर ८० च्या आत पाहिजे आपल्याकडे, दोन सेंटीमीटर राहिलेत, किलो विसरा. मी खरंच विसरले. चौदा महिने झाले ६३-६४ मधेच आहे, पायऱ्या चढते, दिवाळीत चकल्या खाते. नवऱ्याला लग्नातलं ५५ आठवतही नाही, त्याचं स्वतःचं तेव्हा ६० होतं.

धागाकर्ती
दहा दिवसांनी आले, सॉरी, मुलाला ताप होता. सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा.

भाभानगर, पाच लिटरचा डबा, चार माणसं, महिना. त्यातही सासूबाईंचं खाणं चिमणीएवढं. माणशी रोजचं ४० मिलीच्या वर जातंय, म्हणजे साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. मी पोळ्या मोजत होते, भात मोजत होते, तेल काय फोडणीत जातं म्हणून धरतच नव्हते. आता आठवड्याचं तेल सोमवारी बरणीत काढून ठेवते, त्यातच भागवायचं. पहिल्या आठवड्यात शुक्रवारीच बरणी रिकामी, शनिवारी सगळ्यांना वाफवलेले मूग, घरात शोकसभा.

आणि सातपूरकरांसारखं मी पण जुनं बघितलं. फेब्रुवारीत पन्नास मिनिटांत साडेचार किलोमीटर व्हायचे, आता साडेतीन. कारण एप्रिलपासून ट्रॅकवर एक मैत्रीण भेटते आणि तिच्या सुनेचं प्रकरण फार मोठं आहे. तिला सांगितलं की पहिली अर्धी वेळ चालू, मग सून. ती म्हणाली मग आधी सून घेऊ.

कंबर मोजली, ८४, पण आधीची मोजलेलीच नाही तर कशाशी ताडून बघू. काटा आज सकाळी ६८.१. सेल नवाच आहे.