मदत हवी आहे: श्रद्धा गेली, भीती जात नाही

मी सोलापूरचा, वय ३४. देवावरचा विश्वास दोन-तीन वर्षांत हळूहळू गेला. भांडण नाही, धक्का नाही. तरी परवा सिद्धेश्वर मंदिरावरून गाडीवर जाताना हात आपोआप छातीशी गेला. नसता गेला तर अपघात होईल असं वाटलं! मार्लीन विनेल या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अशा त्रासाला 'रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम' म्हटलं, पण ते धाकातल्या घरांबद्दल. आमच्याकडे तसला धाक कधीच नव्हता.

आता गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, येतेय. मिरवणुकीत नंदीध्वजाच्या उंच काठीमागे चालायला अण्णांनी माझी बाराबंदी, म्हणजे यात्रेतला पांढरा पोशाख, आत्ताच इस्त्री करून ठेवलीय. ती बघितली की पोटात कालवतं. तुम्ही घरी सांगितलंत, की गप चालत राहिलात? इथला एखादा समंजस समुपदेशक सुचवा. अंगारा लावायचे सल्ले नकोत, ते आत्याकडून मिळतायत.